त्याच भाषेच्या परदेशात

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक लहानसा खटला उभा राहिला. नववीतल्या एका मुलाने इंग्रजी निबंध संगणकावर लिहिला होता. ‘कलर’ हा शब्द आम्ही शिकवतो तसा, म्हणजे शेवटी ओ-यू-आर अशी अक्षरे घालून त्याने लिहिला, तर यंत्राने त्याखाली तांबडी नागमोडी रेघ ओढली. मुलाने यंत्राला मान देऊन त्यातला ‘यू’ काढून टाकला. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी छापील कागदावर लाल शाईने तो ‘यू’ परत घातला आणि अर्धा गुण कापला. कागद घेऊन मुलगा माझ्या खोलीत आला. “सर, चूक कोणाची? माझी, की संगणकाची?”

मी त्याला ‘उद्या सांगतो’ म्हणून वाटेला लावले. मुख्याध्यापकाच्या हाती असलेली ही एक सोय. पण त्या संध्याकाळी मला एक जुना आवाज आठवला.

मी कॉलेजात होतो त्या दिवसांत वडील रात्री ट्रान्झिस्टर कानाशी धरून बीबीसी लावीत. आठवड्यातून एकदा पाव तास एक वृद्ध गृहस्थ अमेरिकेविषयी बोलत. घाई नाही, आवेश नाही. ओसरीवर बसून कोणी गावची हकीकत सांगावी तसे. लघुलहरींच्या खरखरीतून जेवढे हाती येई तेवढ्यावर वडिलांचा आणि माझा वाद रंगे. वडील म्हणत, हा इंग्रजच. मी म्हणे, अमेरिकन. पुढे कळले की हाच वाद अर्ध्या जगाने घातला होता. इंग्लंडात त्यांना लोक अमेरिकन समजत आणि अमेरिकेत अस्सल इंग्रज. ते होते ॲलिस्टर कुक. ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ ही त्यांची भाषणमाला २४ मार्च १९४६ रोजी सुरू झाली आणि २००४ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. एकूण भाषणे २,८६९. त्याच वर्षीच्या ३० मार्चला ते वारले. या सगळ्याचे मूळ त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या दोन वर्षांत आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याच दोन वर्षांविषयी.

कुक यांचा जन्म १९०८ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डचा. वडील लोखंडकाम करणारे आणि मेथॉडिस्ट पंथाचे धर्मनिष्ठ गृहस्थ. पुढे कुटुंब ब्लॅकपूलला गेले. पहिल्या महायुद्धात तिथल्या त्यांच्या घरी अमेरिकन सैनिक उतरले होते. अमेरिकेची पहिली ओळख ती. मुलाचे नाव आल्फ्रेड. केंब्रिजला जीझस कॉलेजात गेल्यावर या कामगारवस्तीतल्या आल्फ्रेडने बोलण्याची ढब बदलली, आणि १९३० मध्ये कायदेशीरपणे नावही बदलून ॲलिस्टर केले. म्हणजे स्वतःच्याच भाषेत एकदा परका होऊन, धडपडून घरचा झालेला हा मुलगा. त्याने केंब्रिजमध्ये ‘ममर्स’ नावाची नाटकमंडळी काढली आणि मुलींनाही तीत प्रवेश दिला. त्या काळी ते धाडसच होते. नाटकाचाच अधिक अभ्यास करावा म्हणून १९३२ मध्ये तो कॉमनवेल्थ फंडाची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेला.

या शिष्यवृत्तीची कथा गमतीची आहे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीने विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकन तरुण ऑक्सफर्डला येत होते. १९२५ मध्ये अमेरिकनांनी उलटी वाट पाडली आणि ब्रिटिश पदवीधरांना आपल्या विद्यापीठांत नेण्यास सुरुवात केली. पैसा हार्कनेस घराण्याचा. ॲना हार्कनेस या विधवा बाईंनी १९१८ मध्ये कॉमनवेल्थ फंड स्थापला आणि त्यांचे पुत्र एडवर्ड यांनी तो वाढवला. तो पैसा आला होता रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतून. या कंपनीचे रॉकेल हिंदुस्थानातही येत असे, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांच्या चिमण्यांनी त्या शिष्यवृत्तीला थेंबभर हातभार लावला असे म्हणायला हरकत नाही.

शिष्यवृत्तीला अटी होत्या. एक, उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभर हिंडले पाहिजे. दुसरी, अभ्यास संपल्यावर मायदेशी परतले पाहिजे. दुसरी अट आपल्याला नवी नाही. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. पण हिंडण्याची सक्ती मात्र मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या सहलींना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती वाचावी.

आता रोजचे जीवन. त्या काळच्या केंब्रिजमध्ये विद्यार्थी अंधार पडल्यावर गाऊन न घालता रस्त्यावर दिसला तर प्रॉक्टर त्याला अडवून सहा शिलिंग आठ पेन्स दंड करी. रात्री कॉलेजचे दरवाजे बंद होत. खोलीत कोळशाची शेगडी, अंघोळीला थंडीत चौक ओलांडून जायचे. पण अंथरूण घालायला मोलकरीण आणि जेवणघराच्या तळघरात कॉलेजच्या मालकीची दारू. व्याख्यानांना गेलात तर गेलात. आठवड्याला एक निबंध लिहून गुरूला वाचून दाखवायचा आणि खरी परीक्षा एकदम शेवटी. अमेरिकेत हे सगळे उलटे. खोलीत वाफेच्या नळ्यांची ऊब, अंघोळीला हवे तेव्हा गरम पाणी; पण मोलकरीण नाही, आणि जेवताना वाढायला येणारा अनेकदा शेजारच्या बाकावरचाच विद्यार्थी, कारण कष्ट करून शिकण्यात तिथे कोणाला कमीपणा वाटत नसे. वर्ष सहामाह्यांत चिरलेले. हजेरी, वरचेवर चाचण्या, प्रत्येक विषयाचे सुटे गुण आणि त्यांची शेवटी बेरीज. एकट्याने पोहणाऱ्या इंग्रज मुलाला ही शाळाच वाटावी. आपली विद्यापीठे १८५७ पासून लंडनच्या नमुन्यावर चालली, म्हणून आपणही अमेरिकन पद्धतीला नाके मुरडत आलो. आता मात्र सेमिस्टर आणि क्रेडिट हे शब्द आपल्या खेड्यातल्या कॉलेजच्या फलकावरही दिसतात.

त्यात दारूबंदी. १९२० पासून अमेरिकेत कायद्याने दारू बंद होती, ती ५ डिसेंबर १९३३ ला उठली. म्हणजे कॉलेजच्या तळघरातली दारू घेत वाढलेला हा पदवीधर चोरून पिणाऱ्यांच्या देशात येऊन पडला. शिवाय मंदी. तो पोहोचला त्या हिवाळ्यात चारांतला जवळजवळ एक कामगार बेकार होता. ४ मार्च १९३३ ला रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी त्यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या. आठवडाभर प्राध्यापक काय, विद्यार्थी काय, ज्याच्या खिशात जेवढी नाणी तेवढेच त्याचे धन. आपल्याकडे २०१६ च्या नोव्हेंबरात रांगांत उभे राहिलेल्यांना ते दिवस समजावून सांगायला नकोत.

कुक येलला नाटक शिकायला गेले होते. नाट्यविभागाचे प्रमुख जॉर्ज पिअर्स बेकर, युजीन ओनील यांचे गुरू. विभाग सुरू झाला तोही एडवर्ड हार्कनेस यांच्या दहा लाख डॉलरांतून. विद्यापीठात उभा असलेला उंच गॉथिक मनोरा हार्कनेस यांचाच. आणि कुक तिथे राहत होते त्या वर्षी चोहीकडे पाथरवटांची टाकी चालू होती, कारण ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर चौक आणि जेवणघरे असलेली निवासी महाविद्यालये बांधली जात होती. त्यांतली पहिली सात १९३३ च्या सप्टेंबरात उघडली. हार्वर्डमध्येही हार्कनेस यांच्याच सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांतून तसलीच वसतिगृहे १९३० पासून सुरू झाली होती. इंग्रज विद्यार्थ्याला अमेरिका दाखवायला न्यायचे आणि त्याच्याभोवती इंग्लंड बांधायचे, दोन्ही खर्च एकाच थैलीतून! नव्या भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम काचा फोडून सांधल्या, पायऱ्या झिजवल्या, असेही येलच्या इमारतींविषयी सांगतात. दोनशे वर्षांच्या विद्यापीठालाही आपण पुरेसे जुने नाही याची लाज वाटावी, हे मला हसण्यासारखे वाटले होते. आता तितकेसे वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

१९३३ च्या उन्हाळ्यात अटीप्रमाणे कुक मोटारीने देश पाहायला निघाले. पूर्व किनाऱ्यावरून थेट कॅलिफोर्निया. हॉलिवुडात चार्ली चॅप्लिन यांची मुलाखत घेतली, स्नेह जमला, आणि पुढच्या वर्षी नेपोलियनवरच्या चित्रपटाच्या संहितेवर दोघांनी कामही केले; तो चित्रपट निघाला नाही. पण चॅप्लिनपेक्षा मोठी गोष्ट त्या प्रवासात घडली. रंगभूमीवरचे नाटक त्यांना फिके वाटू लागले, आणि मंदीतून उठू पाहणारा देश व त्या देशाची बोली यांनी त्यांना धरले. दुसऱ्या वर्षी त्यांनी विद्यापीठ बदलले आणि विषयही. हार्वर्डला जाऊन ते अमेरिकेतल्या इंग्रजी भाषेचा इतिहास शिकू लागले. हार्वर्डचे गाव केंब्रिज. इंग्लंडातल्या केंब्रिजवरून १६३८ मध्ये ठेवलेले नाव. म्हणजे केंब्रिजहून निघालेला विद्यार्थी फिरून केंब्रिजलाच पोहोचला. आपल्या गोव्याचे दामोदर कोसंबी याच केंब्रिजमध्ये शाळा शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. कुक यांची आणि त्यांची गाठ चार वर्षांनी हुकली.

आता त्या ‘यू’कडे येतो. इंग्रजी ‘कलर’मधला ‘यू’ अमेरिकेतून हद्दपार करणारे नोआ वेब्स्टर हे येलचेच, १७७८ चे पदवीधर. त्यांचा शब्दकोश १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते सत्तरीचे होते. कोशात ७०,००० शब्द. त्यांचे थडगे येलच्या आवाराला लागून असलेल्या दफनभूमीत आहे. त्यांचे राहते घरही कुक यांच्या वेळी न्यू हेवनमध्ये उभे होते आणि विद्यापीठ त्यात विद्यार्थी ठेवीत असे. पुढे १९३६ मध्ये हेन्री फोर्ड यांनी ते उचलून मिशिगनला नेले. आणि गंमत अशी की इंग्लंडपासून अमेरिकेची भाषा सोडवणाऱ्या या कोशाचे शेवटचे पान वेब्स्टर यांनी लिहिले ते १८२५ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजला बसून.

बोलीचा गंभीरपणे अभ्यास करण्याचा तो काळच होता. न्यू इंग्लंडच्या बोलींचा नकाशा करणारे अभ्यासक १९३१ पासून गावोगाव फिरत होते. चारशेहून अधिक सामान्य माणसांना बसवून ते विचारीत: याला तुम्ही काय म्हणता? ‘बरोबर काय’ हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. एच. एल. मेंकेन या पत्रकाराने १९१९ मध्येच ‘द अमेरिकन लँग्वेज’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला होता. इंग्रज लोक ज्याला अमेरिकनांचा गावंढळपणा म्हणतात त्यातले बरेचसे जुनेच इंग्रजी आहे, हे त्यात सोदाहरण दाखवले आहे. पानगळीच्या ऋतूला अमेरिकन ‘फॉल’ म्हणतात. तो शब्द इंग्लंडातूनच बोटीवर बसून गेला आणि मागे इंग्लंडात विसरला गेला. मेंकेन आणि कुक यांची पुढे दाट मैत्री झाली. नाव आणि ढब बदलून शुद्ध झालेला सॅल्फर्डचा आल्फ्रेड आता टॅक्सीवाल्यांचे आणि शेतकऱ्यांचे उच्चार टिपून घेऊ लागला.

१९३४ मध्ये बॉस्टनला असताना त्यांच्या वाचनात आले की माजी पंतप्रधान बाल्डविन यांच्या मुलाला बीबीसीने चित्रपट-समीक्षकाच्या जागेवरून दूर केले आहे. त्यांनी अर्ज केला, जागा मिळवली आणि परतीची अट पाळून ते लंडनला आले. रेडिओवर शब्द कसे उच्चारावेत हे ठरवणाऱ्या बीबीसीच्या समितीचे बर्नार्ड शॉ अध्यक्ष होते. तिच्यावरही कुक बसले. १९३७ मध्ये मात्र ते कायमचे अमेरिकेला गेले आणि डिसेंबर १९४१ च्या पहिल्याच दिवशी अमेरिकन नागरिक झाले. इंग्लंडवर बाँब पडत असताना देश सोडला, म्हणून कित्येकांनी त्यांना नावे ठेवली. तो राग मला समजतो. पण पुढे अठ्ठावन्न वर्षे त्यांनी एका घरची गोष्ट दुसऱ्या घराला समजावून सांगितली, तीही जमेस धरावी लागते.

मघाशी म्हटले ते कारण आता सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी मराठीचा तास घेत असे. सीमेवरच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलाने ‘बाजारचा दिवस’ या विषयावर चार पाने लिहिली होती. वडिलांबरोबर नवा बैल घेऊन रात्री घरी येण्याची हकीकत. त्यात ‘आम्ही येऊलो’, ‘बैल बघूला’ असे सगळे आमच्या भागातले बोलणे. मी चौदा ठिकाणी लाल रेघा मारल्या आणि वर ‘शुद्ध लिहा’ असा शेरा दिला. ‘येऊलो’ हे मला तरी ‘येऊ लागलो’चेच आटलेले रूप दिसते, पण तेव्हा ते दिसले नाही. पुण्याच्या पुस्तकांपुढे आमची मराठी कमी पडू नये, इकडच्या लोकांना मराठी येते तरी का असे कोणी विचारू नये, ही धास्ती आम्हा सीमेवरच्या मास्तरांच्या अंगात मुरलेली. येलच्या झिजवलेल्या पायऱ्या त्याच जातीच्या. पुढच्या निबंधात त्या मुलाने शुद्ध मराठीत आठ ओळी लिहिल्या. वर्षभर तो आठ ओळींच्या वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या मुलाला बोलावून वेब्स्टरची गोष्ट सांगितली. चूक तुझी नाही, यंत्राचीही नाही. एका कागदावर मात्र एकच तऱ्हा ठेव, असे सांगितले. मग बाईंना बोलावून तो अर्धा गुण परत द्यायला सुचवले. बाईंनी कागद हातात घेतला, गुण दुरुस्त केला, सही केली आणि दारापाशी थांबून विचारले, “सर, मग मराठीच्या तासालाही असेच ना?”