चाकांवरचें बिऱ्हाड

शुक्रवारीं सायंकाळीं कचेरी सुटावी, घरची माणसें व दोनचार स्नेही जमावेत, मोटारीच्या मागें एक लहानसें घर जोडावें आणि रात्र पडण्यापूर्वीं एखाद्या तळ्याच्या कांठीं जाऊन चूल पेटवावी, हा इंग्लंड-अमेरिकेंतील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांचा परिपाठ आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्यालाहि कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मोटारीस जोडावयाच्या या घराला अमेरिकेंत ट्रेलर व इंग्लंडांत कॅरव्हॅन म्हणतात. पैकीं कॅरव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. त्याचें ‘कारवान’ हें रूप आपल्या कानांस परिचयाचें आहे.

घरदार बरोबर घेऊन हिंडणें ही कल्पना आपल्याकडील माणसास नवी वाटण्याचें कारण नाहीं. पंढरीच्या अथवा जेजुरीच्या यात्रेस छपराची बैलगाडी जुंपून, तींत शिधा, भांडींकुंडीं आणि अंथरुणें घालून निघणारीं कुटुंबें आपल्या वाडवडिलांनीं पाहिलीं आहेत. वाटेंत ओढा लागला कीं बैल सोडावेत, तीन दगड मांडावेत, आणि भाकरी भाजून पुढची मजल गांठावी. परंतु यात्रेकरूला देवाकडे जावयाचें असतें, बाजारकरूला बाजार गांठावयाचा असतो. कोठेंहि जावयाचें नसतां, केवळ जाण्याची हौस म्हणून घर चाकांवर चढविणें ही गोष्ट निराळी. आणि ती सुरू होऊन अद्याप दीडशें वर्षेंहि झालेलीं नाहींत.

हा पहिला मान सामान्यतः डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉच गृहस्थास देण्यांत येतो. हे इंग्रजी आरमारांत वैद्य होते. पुढें बर्कशायर परगण्यांतील ट्वायफर्ड या गांवीं राहून ते मुलांसाठीं साहसकथा लिहीत. ब्रिस्टल येथें आगगाडीचे डबे बांधणारा एक कारखाना होता. त्याच्याकडून त्यांनीं सुमारें १८ फूट लांबीचें एक लाकडी घर चाकांवर बांधवून घेतलें. आंत महॉगनी व मेपल लाकडाचें काम, पुस्तकांची फळी, निजावयास कोच, स्वयंपाकाची निराळी जागा, असा सगळा सरंजाम होता. ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, हें त्याचें नांव. त्यास दोन दांडगे घोडे जुंपून १८८५ च्या उन्हाळ्यांत स्वारी निघाली, ती थेट उत्तर स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेली. बरोबर कोचमन, फोली नांवाचा नोकर, ‘हरिकेन बॉब’ नांवाचा एक मोठा कुत्रा आणि एक पक्षी! फोली तीन चाकांच्या सायकलीवर बसून पुढें जाई, अरुंद रस्त्यांत समोरून येणाऱ्या गाड्यांना सूचना देई आणि रात्रीच्या मुक्कामाला कोणा शेतकऱ्याचें कुरण मिळतें कीं काय तें पाही. पुढच्याच वर्षीं, १८८६ सालीं, डॉक्टरांनीं या तेराशें मैलांच्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि हौशी लोकांत तें मोठ्या आवडीनें वाचलें गेलें.

हा प्रवास त्याच काळांत कां सुचला, याचें एक कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आगगाड्या सुरू झाल्यामुळें टपालाच्या घोडागाड्या बंद पडल्या होत्या. वाटेवरच्या जुन्या खानावळी ओस पडत चालल्या होत्या आणि राजरस्ते मोकळे झाले होते. मोटार अद्याप यावयाची होती. म्हणजे दोन गर्दींच्या मधली ती शांत घटका या डॉक्टरांना सांपडली. लोक त्यांना कौतुकानें ‘सभ्य जिप्सी’ म्हणत.

आणि येथेंच या गोड इतिहासांतील कडू भाग सुरू होतो. इंग्लंडांत खरे जिप्सी होतेच. त्यांचीं रंगीबेरंगी घरगाडीं पिढ्यान्‌पिढ्या त्याच रस्त्यांनीं हिंडत होतीं. किंबहुना डॉक्टरांची कल्पनाच मुळीं त्यांच्यापासून उसनी घेतलेली. परंतु ज्या दशकांत डॉक्टरांच्या घरगाडीचें कौतुक चाललें होतें, त्याच दशकांत कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ हे गृहस्थ गाड्यांतून राहणाऱ्या लोकांची नोंदणी व तपासणी करणारा कायदा व्हावा म्हणून पार्लमेंटाच्या पायऱ्या झिजवीत होते. स्मिथ हे दुष्ट नव्हते. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांसाठीं व कालव्यांतील नावांवर राहणाऱ्या कुटुंबांसाठीं त्यांनीं खरोखरीच खस्ता खाल्ल्या होत्या, आणि गाड्यांतील मुलांनीं शाळेंत जावें ही त्यांची तळमळ खोटी म्हणतां येणार नाहीं. पण अधिकाऱ्यानें वाटेल तेव्हां येऊन आपल्या घरांत डोकावावें हें कोणास रुचेल? जत्रांतून खेळ करणाऱ्या मंडळींनीं १८८९ सालीं आपला संघ स्थापून या बिलास कसून विरोध केला, आणि तें वरचेवर मांडलें जाऊनहि मंजूर झालें नाहीं.

हिंदुस्थानांतील भटक्यांचें नशीब तितकें बलवत्तर नव्हतें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें येथें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढें १९११ सालीं मुंबई इलाख्यासहि लागू झाला, आणि ज्यांचीं बिऱ्हाडें गाढवांवर अथवा डोक्यावर असत अशा कित्येक जमातींना केवळ जन्मावरून चौकीवर हजेरी देणें भाग पडलें. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. हिंडण्याची हौस व हिंडण्याची सवय यांत सरकारच्या लेखीं केवढें अंतर होतें, तें यावरून दिसून येतें.

असो. इंग्लंडांत हौशी लोकांची संख्या वाढत गेली. १९०७ सालीं जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकारानें कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला आणि वृद्ध डॉ. स्टेबल्स त्याचे एक उपाध्यक्ष झाले. १९१० सालीं त्यांचें निधन झालें. या सुमारास मोटारी रस्त्यावर दिसूं लागल्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा त्यांनीं बहुतेक बळकाविली.

अमेरिकेंतील प्रकार मात्र पहिल्यापासूनच थोडा गरिबीचा. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं डी सोटो पार्कमध्यें तंबू टाकून राहिलेल्या मोटारवाल्यांनीं आपली एक संघटना केली. तिचें नांव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी. डब्यांतील अन्नावर निर्वाह करणारे म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. मोटारीच्या पुढल्या तोंडावर एक रिकामा डबा डकविलेला असे, ही त्यांची खूण. थंडीच्या दिवसांत हे लोक दक्षिणेकडे उतरत, एकमेकांचीं चाकें दुरुस्त करीत, आणि संध्याकाळीं शेकोटीभोवतीं बसून गाणीं म्हणत.

परंतु कापडी तंबू तो तंबूच. डेट्रॉइट येथील आर्थर शेर्मन हे जंतुशास्त्रज्ञ १९२९ सालीं मुलाबाळांसह सुट्टीस निघाले. मोटारीमागें जोडावयाचा एक घडीचा तंबू त्यांनीं विकत घेतला होता. तो कांहीं मिनिटांत उभा राहतो अशी विकणाराची ग्वाही होती. पाऊस आला, तंबू कांहीं वेळेवर उभा राहीना, आणि सारें कुटुंब ओलेंचिंब झालें. घरीं परतल्यावर शेर्मननीं सुताराकडून सहा फूट रुंद व नऊ फूट लांब अशी एक साधी पेटी करविली. तींत कपाटें, बिछाने व एक शेगडी बसविली. मुलांनीं तिला थट्टेनें ‘कव्हर्ड वॅगन’ असें नांव दिलें. पश्चिमेकडे वसाहतीस गेलेल्या जुन्या लोकांच्या छपरी गाड्यांचें हें नांव होय. १९३० च्या जानेवारींत डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनांत ती चारशें डॉलर किंमतीस मांडली गेली, आणि मंदीचें वर्ष असूनहि शंभरावर गाड्या खपल्या. १९३६ सालीं त्याच कारखान्यांतून सुमारें सहा हजार ट्रेलर बाहेर पडले. रॉजर बॅबसन नांवाच्या प्रसिद्ध अर्थवेत्त्यानें तर वीस वर्षांत निम्म्याहून अधिक अमेरिका ट्रेलरांत राहूं लागेल असें भविष्य वर्तविलें! अर्थवेत्त्यांचीं भविष्यें पंचांगकर्त्यांहून फारशीं निराळीं नसतात.

याच काळांत कॅलिफोर्नियांत वॉली बायम या गृहस्थाचा उदय झाला. आपल्या पत्नीस बाहेर हिंडावयास घेऊन जावें अशी त्याची फार इच्छा. पण स्वयंपाकघराखेरीज ती घरांतून हलावयास तयार होईना. म्हणून त्यानें फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर आसरा उभारून आंत स्वयंपाकाची सोय केली, आणि पुढें हाच त्याचा धंदा झाला. १९३६ सालीं त्यानें विमानाप्रमाणें अल्युमिनियमच्या पत्र्यांस रिबिटें ठोकून केलेला ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारांत आणला. ती रचना मूळची ग्लायडर बांधणाऱ्या हॉले बोलस याची. चौघांना निजण्याची सोय व विजेचे दिवे असलेल्या या ट्रेलरची किंमत बाराशें डॉलर होती. साधी मोटार त्याहून पुष्कळ स्वस्त मिळे. बायमच्या या कथेंत विनोद आहे खरा, परंतु तिच्या पत्नीच्या बाजूनेंहि पाहावयास हवें. स्वयंपाकघर बरोबर गेलें कीं स्वयंपाकहि बरोबर जातो. पुरुषमंडळी गळ टाकून तळ्याकांठीं बसली असतां ट्रेलरच्या दोन हात ओट्यावर दहा माणसांचा रांधा कोणी उरकला, याची नोंद जुन्या जाहिरातींतून मिळत नाहीं. तींत हंसतमुख बाई तवा घेऊन उभी असते, एवढेंच.

मंदीच्या त्या वर्षांत दोन प्रकारचे लोक एकाच तऱ्हेच्या गाड्यांतून राहत होते: एक सुट्टीवर आलेले, दुसरे घर गमावलेले किंवा कामाच्या शोधांत निघालेले. गांवकऱ्यांना पहिले हवे होते, दुसरे नको होते, आणि बाहेरून तर दोन्ही गाड्या सारख्याच. मग नगरपालिका नियम करूं लागल्या कीं, ट्रेलरनें अमुक दिवसांहून अधिक थांबूं नये. मिशिगन संस्थानांतील ऑर्चर्ड लेक येथील एक खटला १९३६ सालीं गाजला. ज्यांत निजतां येतें व स्वयंपाक करतां येतो तें घरच होय, सबब त्यास घरबांधणीचे नियम लागू आहेत, असा तेथील न्यायालयानें निकाल दिला. चाकें असलीं म्हणून घराचें घरपण जात नाहीं, हें तत्त्व खरें. पण त्याचा उपयोग झाला तो घर हलविण्यासाठीं!

दुसऱ्या महायुद्धानें हें सारें पालटून टाकलें. डेट्रॉइटजवळील विलो रन येथें फोर्डचा बाँबविमानांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. कामकरी लोटले, पण राहावयास खोल्या नव्हत्या. सरकारनें हजारों ट्रेलर विकत घेऊन अशा ठिकाणीं वसाहती उठविल्या. कालपर्यंत ज्यांना हांकून देत, त्यांना आतां बोलावून आणूं लागले.

युद्ध संपल्यावर मात्र सुट्टीचा ट्रेलर खऱ्या अर्थानें घरोघर पोंचला, आणि त्याचें मूळ गाडींत नसून पंचांगांत आहे. आठवड्यास दोन दिवस मोकळे नसतील तर गाडी घेऊन काय करावयाचें? हेन्री फोर्डनें १९२६ सालीं आपल्या कारखान्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू केला. १९३८ च्या कायद्यानें चाळीस तासांच्या आठवड्याची वाट मोकळी केली, आणि १९४० पासून ती मर्यादा अमलांत आली. त्याच १९३८ सालीं इंग्लंडांत पगारी सुट्टीचा कायदा झाला. शिवाय १९५६ च्या कायद्यानें अमेरिकेंत मोठमोठे हमरस्ते बांधले जाऊं लागले. सुट्टी, रस्ता आणि मोटार हीं तिन्ही जुळलीं, तेव्हां कारकुनाच्याहि दारांत ट्रेलर उभा राहूं लागला.

राहण्याच्या व हिंडण्याच्या गाडीचा काडीमोडहि याच सुमारास झाला. रस्त्यावर आठ फुटांहून रुंद गाडी नेण्यास मनाई असे. १९५४ सालीं एल्मर फ्रे या कारखानदारानें दहा फूट रुंदीचें घर काढलें. तें एकदां नेऊन ठेवलें कीं सहसा तेथून हलत नसे. हिंडणाऱ्यांसाठीं लहान व हलके ट्रेलर निराळे होऊं लागले. बायमनें तर आपल्या ग्राहकांचे तांडेच काढले. १९५१ सालीं मध्य अमेरिकेकडे निघालेल्या ६३ ट्रेलरांपैकीं १४ च शेवटास पोंचले, तरी तो खचला नाहीं. १९५९ सालीं ४१ ट्रेलर घेऊन तो केप टाउनहून कैरोच्या वाटेस लागला. १९६९ सालीं चंद्रावरून परतलेल्या तिघां वीरांना जंतूंच्या भीतीनें ज्या बंद खोलींत ठेवलें, तीहि त्याच्याच कारखान्याची एक बदललेली गाडी होती. १९६२ सालीं वारलेल्या बायमला तें पाहावयास मिळालें नाहीं.

कुटुंबांच्या या सुट्टीबद्दल बोलतांना सगळींच कुटुंबें एका तळावर उतरूं शकत नव्हतीं हें सांगितल्यावांचून हकीकत पुरी होत नाहीं. नीग्रो कुटुंबास हॉटेलांत खोली मिळेल याची खात्री नसे. व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपालवाल्यानें १९३६ पासून, कोठें राहतां येईल व कोठें जेवतां येईल हें सांगणारी मार्गदर्शिका काढली. युद्धांतील खंड सोडल्यास ती सुमारें तीस वर्षें निघत होती. स्वतःचें अंथरूण व स्वतःची चूल बरोबर असणें ही अशा कुटुंबांना हौस नव्हती, तो उपाय होता. पण गाडी उभी करण्यास जागा तर पाहिजे! व्हर्जिनिया संस्थानांतील शेनांडोआ या राष्ट्रीय उद्यानांत सरकारनें १९३९ सालीं लुइस माउंटन नांवाचा तळ केवळ काळ्या लोकांकरितां उघडला. बाकीच्या मोठ्या सोयी गोऱ्यांच्या. लोक मात्र तेथें आपलीं मुलेंमाणसें, शेजारीपाजारी घेऊन जात, दिवसभर झाडांखालीं बसत, रात्रीं जेवणें होत. १९५० सालापर्यंत त्या उद्यानांतील हा भेद पूर्णपणें नाहींसा झाला.

२०२१ सालीं, साथीच्या दिवसांत लोकांना घराबाहेर पण आपल्यापुरतें राहावयाचें होतें तेव्हां, अमेरिकेंतील कारखान्यांनीं सहा लाखांवर घरगाड्या बाहेर पाठविल्या, आणि त्यांत मोटारीमागें ओढावयाच्याच बहुसंख्य होत्या. लुइस माउंटनचा तळ अद्याप चालू आहे. त्या उद्यानांतील सर्व तळांत तो लहान, गाड्या उभ्या करण्याच्या जागा तीसच्या आसपास. पुष्कळ वर्षें तेथें जो आधीं पोंचेल त्याला जागा मिळे.