फिश टँकजवळच्या झाडांवर मावा आलाय? फवारा मारण्याआधी हे वाचा

विजयदुर्गसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत घराच्या मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू हमखास असतं. शेजारी मिरचीची चार रोपं. या दोन्हींवर मावा येतो आणि गर्दी वाढली की त्यातल्या काहींना पंख फुटतात. वाऱ्याबरोबर ते घरातही शिरतात. खिडकीशी फिश टँक आणि त्यात मुळं सोडलेलं मनीप्लांट असेल, तर आयतंच फावतं. मनीप्लांट अळूच्याच कुळातलं. त्यात माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात नायट्रेट साठतं, ते मुळं ओढून घेतात आणि पालवी लुसलुशीत होते. माव्याला हाच कोवळा रस हवा असतो.

पानांवर पांढरी धूळ दिसली तर नीट बघा. ती बहुतेकदा माव्याने टाकलेली कात असते. टाकीच्या झाकणावरचा चिकटपणाही त्याचाच.

आता खरा धोका. कीटकनाशकांतली पायरेथ्रॉईड द्रव्यं माणसाच्या शरीरात लवकर मोडतात, माशांच्या शरीरात फार हळू. त्यामुळे अगदी थोडी मात्राही माशांना मारते. झुरळांचे स्प्रे आणि मुंग्यांचे खडू यांतही बहुधा हीच द्रव्यं असतात. फवारा टाकीपासून लांब मारला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. घरगुती उपायही इथे निरुपद्रवी नाहीत. साबणाचं पाणी कल्ल्यांना इजा करतं, तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन विषारी असतं आणि कडुनिंबाच्या तेलाचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही.

मग करायचं काय? झाड टाकीतून काढा, जास्त भरलेले शेंडे खुडून टाका आणि नळाखाली पानांची खालची बाजू बोटांनी चोळून धुवा. हे दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे करावं लागतं. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडाभरात स्वतः वितात. एक जरी राहिली तरी पुन्हा सुरुवात! कंटाळवाणं काम आहे, पण खात्रीचं.

टाकीत तरंगणाऱ्या वनस्पतींवर मावा असेल तर काम सोपं. त्या हाताने पाण्याखाली दाबा, सुटून वर आलेला मावा गप्पी किंवा फायटर मासे आवडीने खातात. औषध मारलेल्या झाडावरचा मावा मात्र त्यांना देऊ नका.

मुंग्यांची रांग दिसली तर तीही तोडा. गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की पुरे.

चुकून फवारा उडालाच तर एअर पंप लगेच बंद करा, खिडक्या उघडा. मग साधारण एक तृतीयांश पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. पाणी नळाचं असेल तर आधी त्यातलं क्लोरिन घालवा. हवा स्वच्छ झाल्यावरच पंप पुन्हा सुरू करा.