डोक्यावरचा शंकू

थीब्ज येथील नेबामुन या लेखनिकाच्या थडग्यातील मेजवानीचे चित्र (इ.स.पू. सुमारे १३५०) आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील पाहुण्यांच्या डोक्यांवर शंकू दिसतात. सुगंधी चरबीचे हे शंकू वितळून केसांवर ओघळत, असे अनेक अभ्यासक मानत. काहींच्या मते ती केवळ चित्रकारांची सांकेतिक खूण होती, कारण प्रत्यक्ष शंकू कोठेच सापडला नव्हता. अखेर अमार्नाच्या दफनभूमीत दोन सांगाडे मिळाले, तेही डोक्यावर शंकू असलेले! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते मेणाचे होते; सुगंधी द्रव्याचा अंश मात्र आढळला नाही. त्याहून विलक्षण बाब म्हणजे, ही दफने अमीर-उमरावांची नव्हती. मेजवानीची चित्रे ज्यांच्या वाट्याला कधीच आली नाहीत, अशा सामान्य माणसांचे ते साधे खड्डे होते.