हेलसिंकी ते टोकियो: अंतर किती?

आजचा प्रश्न सोपा वाटेल. फिनलंडमधलं हेलसिंकी आणि टोकियोजवळचं नारिता, या दोन विमानतळांमधलं अंतर किती?

मी गणित मांडून पाहिलं. हेलसिंकी 60.3 अंश उत्तर, 25 अंश पूर्व. नारिता 35.8 उत्तर, 140.4 पूर्व. पृथ्वी गोल धरून सूत्र लावलं की पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन जागांमधला कोन निघतो, सुमारे 70.4 अंश. एका अंशाला 111.2 किलोमीटर, म्हणजे झाले साधारण 7,830 किलोमीटर. यापेक्षा जवळचा रस्ता नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा, तो थेट सायबेरियावरून जातो.

आणि गोची इथेच आहे! शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेक परदेशी विमानांना बंद होतं. मग 1957 मध्ये एसएएस कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून टोकियोची सेवा सुरू केली, वाटेत अलास्कातल्या अँकरेजला थांबून. 1983 च्या एप्रिलमध्ये फिनएअरने तो थांबाही गाळला. लांब पल्ल्याचं डीसी-10 विमान घेतलं आणि हेलसिंकीहून थेट टोकियो गाठलं.

आता हे अंतर मोजू. हेलसिंकी ते ध्रुव: 90 वजा 60.3, म्हणजे 29.7 अंश, 3,300 किलोमीटर. ध्रुव ते बेरिंगची सामुद्रधुनी जवळपास 2,700. तिथून नारिता 4,700. बेरीज 10,700. कामचाटकाला वळसा घालायचा म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. सोव्हिएत युनियन फिनलंडच्या अगदी शेजारी, पण त्याला टाळण्यासाठी निदान 2,900 किलोमीटर जादा उडायचं.

हा वळसा कोणी हौसेने घेत नव्हतं. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला कोरियन एअर लाइन्सचं 007 हे विमान अँकरेजहून सोलला जाताना भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली. पुढे अमेरिकेने जीपीएस नागरी विमानांना मोफत वापरू देण्याचं जाहीर केलं, त्यामागे हीच घटना होती. आपल्या फोनमधला निळा ठिपका त्याच जीपीएसवर चालतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

नंतर सायबेरियाचा रस्ता खुला झाला आणि फिनएअरने आपला धंदाच त्यावर उभा केला: युरोपातून आशियाला जायचंय? हेलसिंकीवरून जवळ पडतं. मग 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. युरोपने रशियन विमानांना बंदी केली, रशियाने युरोपच्या. नऊ-साडेनऊ तासांची टोकियोची फेरी तेराच्या आसपास गेली, आणि पुन्हा ध्रुवावरूनही.

ध्रुव ओलांडल्याबद्दल फिनएअर प्रवाशांना प्रमाणपत्र देऊ लागली. जादा चार तास बसल्याची पावतीच म्हणा ना!