विस्कॉन्सिनमधील हरिणशिकारीचे नियमन

टंचाईच्या काळी केलेला नियम सुबत्तेच्या काळी लोकश्रद्धेचे रूप धारण करतो, याचे बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहासात आढळते. या राज्याने १८५१ मध्ये हरिणांसाठी शिकारबंदीचा पहिला काळ ठरविला. तरीही कळप विरळ होत गेले, तेव्हा १९१५ मध्ये केवळ शिंगे असलेल्या नरांच्या शिकारीस मुभा ठेवण्यात आली. मादी अवध्य ठरली.

पुढे परिस्थिती पालटली. तोडलेल्या अरण्यांत कोवळी झाडी माजली, लांडगे घटले आणि हरिणांची संख्या चाऱ्याच्या मानाने अतोनात वाढली. हिवाळ्यात ती उपासमारीने मरू लागली. म्हणून आल्डो लिओपोल्ड यांनी मादीच्या शिकारीचा पुरस्कार केला. १९४३ मध्ये ती खुली होताच सुमारे १,२८,००० हरिणे मारली गेली. विरोधकांनी यास ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हटले आणि १९४४ मध्ये केवळ नरांच्या शिकारीचा नियम परत आला. मादीची शिकार पुन्हा खुली होण्यास १९४९ साल उजाडले. लिओपोल्ड आदल्याच वर्षी निवर्तले होते.

हा विरोध निव्वळ अज्ञानमूलक मानणे अन्यायाचे होईल. ओसाड अरण्यांची आठवण लोकांच्या मनात ताजी होती, आणि मादीच्या रक्षणानेच कळप परतले, हा त्यांचा अनुभव होता. शास्त्रज्ञांनी चाऱ्याचा हिशेब मांडला. त्या अनुभवाचा हिशेब मात्र मांडावयाचा राहिला. कायद्याच्या इतिहासकाराने तो वगळून चालणार नाही.