गृहीत धरलेले शास्त्र

जनगणनेचा कर्मचारी दारात येतो तेव्हा त्याला प्रथम कुटुंब कोणते ते ठरवावे लागते. त्यासाठी त्याला दिलेली कसोटी साधी आहे. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. त्यांच्यात नाते असलेच पाहिजे असे नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही कसोटी लावून पाहावी. भोसरीत एका खोलीत राहून आळीपाळीने भात लावणारी चार वेगवेगळ्या जिल्ह्यांतली मुले या हिशेबाने एक कुटुंब ठरतात. एक भाऊ गावी शेती बघतो आणि दुसरा आकुर्डीत कारखान्यात आहे. सातबारा दोघांच्या नावे आहे, कुलदैवत एक आहे, बहिणीच्या लग्नाचे कर्जही दोघे मिळून फेडतात. तरी ती दोन कुटुंबे होतात, कारण चुली दोन आहेत.

चुलीवरून घर ओळखण्याची रीत सरकारने शोधलेली नाही. जनगणनेला आपल्याकडे खानेसुमारी म्हणत, म्हणजे घरांची मोजणी. गाव किती मोठे हे उंबऱ्यांवरून सांगत. भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी केली’ असे म्हणतात, आणि घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावले तर ते आमंत्रण ‘चूलबंद’ असते. कुटुंबाची व्याख्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली होती. विद्यापीठांनी कुटुंब हा अभ्यासविषय केला तेव्हा मात्र या एका चुलीचे दोन विषय झाले. चूल कशी चालवावी हा एक. तो मुलींसाठी होता आणि त्याचे नाव गृहविज्ञान. चुलीभोवती कोण बसते, कोणत्या नात्याने बसते, हा दुसरा. तो समाजशास्त्र आणि मानवशास्त्राकडे गेला. महाराष्ट्रात या दोन्ही वाटा एकाच घरातून निघाल्या. ते घर कर्व्यांचे.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष धोंडो केशव कर्वे होते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्याआधी त्यांच्या हाती आली होती. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये तोक्योत काढलेल्या त्या संस्थेच्या पहिल्या विभागांत गृहव्यवस्थेचा विभाग होता. अध्यक्षीय भाषणात कर्व्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात सुरू झाले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या गरजांना धरून अभ्यासक्रम, ही त्याची दोन मूलसूत्रे होती. स्त्रीचे समाजातले कार्य पुरुषाहून वेगळे आहे, म्हणून तिचे शिक्षणही काही अंशी वेगळे हवे, अशी कर्व्यांची धारणा होती. त्यामुळे गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय पदवीच्या शिक्षणात आले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले आणि १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईस गेली.

या विद्यापीठाच्या पदवीचे जुने नाव ‘गृहीतागमा’ होते. जिने आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली ती गृहीतागमा. ऐकताना ‘गृह’ ऐकू येते, पण शब्द ‘गृहीत’ आहे. मराठीत ‘गृहीत धरणे’ याचा अर्थ मात्र निराळा. घरकामाचे नेमके तेच झाले होते. ते कोणीतरी करणारच, हे सगळ्यांनी धरून चाललेले होते. कर्व्यांच्या योजनेवर पुढे टीका झाली की, तिने स्त्रीला पुन्हा स्वयंपाकघराकडेच वळवले. टीकेत तथ्य आहे. पण त्या योजनेने आणखीही एक गोष्ट केली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरात जे चालते ते शिकण्याजोगे आणि परीक्षा घेण्याजोगे ज्ञान आहे, हे तिने विद्यापीठाच्या पातळीवर मान्य करवून घेतले. आई-सासूकडून आपोआप येणारी गोष्ट वर्गात आली की तिच्याविषयी प्रश्न विचारता येतात. त्या प्रश्नांची उत्तरे अडचणीची निघू शकतात, हे कळायला आणखी साठ वर्षे जायची होती.

अडचणीचे प्रश्न तोवर घरातच निघू लागले होते. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. वडिलांनी गृहव्यवस्था अभ्यासक्रमात आणली. घरात मुले किती असावीत आणि ते कोणी ठरवावे, हा मुलाचा प्रश्न कोणत्याच अभ्यासक्रमात मावणारा नव्हता. घराची तिसरी बाजू पाहायची तर आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ वाचावे. नवऱ्याने सारे संस्थेला वाहिल्यावर संसार कशावर चालला, हे त्यात कळते. गृहव्यवस्थेच्या पाठ्यपुस्तकात ‘उत्पन्न’ हे पहिले प्रकरण असते. बायांच्या संसारात ते प्रकरण जवळजवळ कोरेच होते.

चौथी वाट सुनेची. इरावतीबाईंनी मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र आणि बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकले. १९३१ ते १९३६ या काळात त्या सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या निबंधक होत्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. गृहव्यवस्था शिकवणाऱ्या विद्यापीठाचे दप्तर त्यांनी पाच वर्षे सांभाळले. संशोधन मात्र नात्यांवर केले. १९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या आप्तसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. एकत्र कुटुंबाची त्यांनी दिलेली लक्षणे पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली : एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि विशिष्ट प्रकारचे नाते. तीन वर्षांनी आय. पी. देसाई यांनी या विचाराला छेद दिला. छप्पर आणि चूल वेगळी झाली म्हणून कुटुंब विभक्त झाले असे समजू नये. परस्परांची कर्तव्ये, पैशाची देवाणघेवाण आणि मालमत्तेचे संबंध टिकून आहेत का ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद तेव्हा ग्रंथालयातला वाटला असेल. पुण्याच्या वायव्येला, वीस किलोमीटरच्या आतच, त्याची परीक्षा सुरू झाली होती.

पिंपरीला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. साठीच्या दशकात चिंचवड, आकुर्डी, भोसरीत मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत शहराने दहा लाखांचा आकडा ओलांडला आणि २०११ मध्ये सतरा लाखांचा. पुढे चाकणचा माळही भरून गेला. सातारा, सांगली, सोलापूर, कोकण, खानदेश, मराठवाडा इथून आणि नंतर इतर राज्यांतून माणसे आली. बहुतेकांचे घर गावी राहिले, बिऱ्हाड इथे झाले.

कारखाना आला की एकत्र कुटुंब मोडते, असे तेव्हाचे पाश्चात्त्य समाजशास्त्र धरून चालत असे. रिचर्ड लँबर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ मध्ये पुण्यातल्या पाच कारखान्यांच्या कामगारांची पाहणी केली. तिचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले. त्याच्या आकड्यांनी हे गृहीतक खरे ठरवले नाही. पगार पक्का असलेल्या कामगाराच्या आधाराला माणसे जास्त होती. यात आपल्याला नवल वाटू नये. शहरात एकाला नोकरी लागली की धाकटा भाऊ आयटीआयला येतो, पुतण्या बारावीला येतो, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन इथेच होते. घर मोडत नाही, ते लांबते. देसायांचे म्हणणे इथे खरे ठरते. मात्र या लांबलेल्या घराचे जास्तीचे डबे कोणी भरले, हा प्रश्न लँबर्टच्या पाहणीचा नव्हता, देसायांचाही नव्हता. त्याचे उत्तर पलीकडच्या इमारतीत, गृहविज्ञानात, मिळायला हवे होते.

स्वातंत्र्यानंतर गृहविज्ञानाचा चांगलाच विस्तार झाला. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये त्याची स्वतंत्र विद्याशाखा झाली. तेव्हा कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. मुंबईत निर्मला निकेतनचे महाविद्यालय १९५५ चे. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाने हा विषय शेतकरी कुटुंबापर्यंत नेला. आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन आणि विस्तारकार्य असे त्याचे भाग पडले. यातल्या गृहव्यवस्थापनात ‘कार्य सुलभीकरण’ नावाचे एक प्रकरण असते. ओटा किती उंच असावा, शेगडी, मोरी आणि फळी यांत अंतर किती असावे, पोळ्या करताना किती वेळा वळावे लागते, हे त्यात मोजून शिकवतात. या मोजणीचे मूळ कारखान्यात आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने कामगारांच्या हालचालींचे चित्रण करून कामातल्या वायफळ हालचाली शोधून काढल्या. पतीच्या निधनानंतर लिलियनबाईंनी तीच पद्धत स्वयंपाकघराला लावली.

म्हणजे चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर घड्याळ घेऊन उभा राहणारा अभियंता आणि गृहविज्ञानाची वही भरणारी विद्यार्थिनी, दोघे एकच शास्त्र वापरत होते. फरक पुढच्या पायरीवर होता. कारखान्यात एका नगाला लागणारी मिनिटे ठरली की त्यावर उत्पादनाचे लक्ष्य ठरते, लक्ष्यावर इन्सेंटिव्ह ठरतो, आणि त्यावर युनियन आणि व्यवस्थापन महिनोन्महिने वाटाघाटी करतात. स्वयंपाकघरात वाचलेली दहा मिनिटे कोणाच्याही खात्यावर जमा होत नाहीत. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे कंपनीच्या बसला उभा असतो, तेव्हा त्याचा डबा तयार असतो. दुसऱ्या पाळीचा रात्री उशिरा परततो, तेव्हा जेवण गरम करून वाढायचे असते. मुलांची शाळा या दोहोंच्या मध्ये. यंत्राला तीन पाळ्या, पण प्रत्येक पाळीला माणूस वेगळा. चुलीला तीन पाळ्या आणि माणूस एकच. गृहविज्ञानाने हे काम सोपे कसे करावे ते शिकवले. ते काम तिनेच का करावे, हे विचारण्याची सोय त्या प्रश्नपत्रिकेत नव्हती.

तो प्रश्न अखेर विचारला गेला तो कर्व्यांच्याच विद्यापीठात. १९७४ मध्ये नीरा देसाई यांनी तिथे स्त्रियांच्या अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. भारतातले ते या प्रकारचे पहिले. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही याच विद्यापीठात भरली. घरकाम हे श्रम आहेत, ते देशाच्या हिशेबात का येत नाहीत, ही मागणी त्या चळवळीने लावून धरली. १९१६ मध्ये ‘घरातले काम हे ज्ञान आहे’ असे म्हणून उघडलेल्या दारातून साठ वर्षांनी ‘घरातले काम हे काम आहे’ हा विचार आत आला. दोन्ही वाक्यांत अंतर मोठे आहे, पण दुसऱ्याला उभे राहायला पहिल्याने जागा केली होती.

नात्यांच्या वाटेवरही हिशेबाचा दिवस आला. चाकण परिसरात जमिनींना भाव आला आणि आप्तसंबंधांचा विषय तलाठी कार्यालयात उतरला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीने हक्क दिला. केंद्राचा कायदा २००५ चा. तोवर ‘माहेरवाशीण’ या शब्दात आलेली बहीण आता खरेदीखतावर सहीसाठी लागू लागली. मग हक्कसोडपत्रे आली. कुठे बहिणीने भावासाठी राजीखुशीने सही केली, कुठे सही केली नाही म्हणून भाऊबीज बंद झाली. छप्पर, चूल, मालमत्ता, देवकार्य आणि नाते या पाच लक्षणांतली मालमत्ता बाकीच्या चारांना किती हलवू शकते, हे दाखवणारा याहून स्पष्ट पुरावा संशोधकाला कुठे मिळणार?

मोजणी अखेर सरकारनेही केली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे गेल्याचे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. असे काम मुळात करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष २६. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात याच सर्वेक्षणाचा आधार घेतला आणि गृहिणीच्या श्रमांचे उत्पन्न धरण्यामागची भूमिका मांडली. मिनिटांना रुपयांचे मोल लागले खरे, पण ते बाई गेल्यानंतर.

विषयाचे नाव आता बदलले आहे. बडोद्याची विद्याशाखा कुटुंब आणि सामुदायिक विज्ञानाची झाली आहे, परभणीचे महाविद्यालयही सामुदायिक विज्ञानाचे म्हणवते. ‘गृह’ हा शब्द जुना वाटू लागला, मुलींपुरता वाटू लागला, म्हणून तो गेला. गेला ते ठीक झाले. पण नाव बदलताना दोन इमारतींमधली भिंतही जायला हवी. नात्यांचा अभ्यास करणाऱ्याला ओट्यापाशी किती मिनिटे गेली ते ठाऊक असावे, आणि आहाराचे कोष्टक करणाऱ्याला घरात शेवटी कोण जेवते ते ठाऊक असावे. या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याला शिकवायच्या तर त्यासाठी पिंपरी-चिंचवडहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

२०२१ ची जनगणना लांबली. ती होईल तेव्हा कर्मचारी पुन्हा दारात उभा राहील आणि एका स्वयंपाकघरातले कोण कोण जेवतात ते लिहून घेईल. त्याच्या तक्त्यात जेवणाऱ्यांची नावे असतात. रांधणारीचे नावही त्यांतच कुठेतरी असते, जेवणाऱ्यांपैकी एक म्हणून. ती नोकरी करत नसेल, तर कामाच्या रकान्यात तिच्यासाठी ‘घरकाम’ असे लिहिले जाते आणि गणतीत ती काम न करणाऱ्यांमध्ये जाते.