पिवळा पितांबर आणि बॉड रेट

सीरियल पोर्टला जोडलेल्या प्रिंटरचे आजार संगणकापेक्षा वयाने मोठे आहेत. अक्षरांऐवजी भलतेच काही उमटणे, दोन पाने सुरळीत येऊन तिसऱ्यावर ओळी गळणे, सगळा मजकूर एकाच ओळीवर गिरवला जाणे, या तिन्ही तक्रारी तारयंत्राच्या घराण्यातल्या आहेत. बँकेतल्या पासबुक प्रिंटरवर किंवा वजनकाट्याच्या पावतीवर त्या आजही भेटतात.

पॅरलल जोडणीत अक्षराचे आठही बिट आठ तारांवरून एकदम निघतात. सीरियल पोर्टमध्ये पाठवायला एकच तार असते. बिट एकामागून एक जातात आणि एक कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, हे प्रिंटरने केवळ घड्याळावरून ओळखायचे असते. वेग ९६०० असेल तर एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा ९६०० वा भाग येतो. प्रिंटर ४८०० वर लावलेला असेल तर तो दोन बिटांना एक समजून वाचतो आणि कागदावर कचरा उतरतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: बॉड रेट किती?

हा शब्दप्रयोग म्हणजे पिवळा पितांबर. बॉड हेच वेगाचे माप आहे, सेकंदाला किती संकेत, त्याला आणखी रेट कशाला? शब्दाचे मूळ मात्र खरे आहे आणि एका माणसाचे आहे. फ्रेंच तारखात्यातील एमिल बोदो (१८४५–१९०३) याने १८७४ साली पाच-पाच संकेतांच्या लिपीवर चालणाऱ्या छापील तारेचे पेटंट घेतले. त्याच्याच आडनावाचे शेपूट गळून बॉड झाला. त्याच्या यंत्रावर तारबाबूच्या डाव्या हाताखाली दोन पट्ट्या आणि उजव्या हाताखाली तीन. यंत्र ठरावीक अंतराने टक्‌ असा आवाज करी आणि त्या ठेक्यावरच पट्ट्या दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर चुकले. आज ४८०० आणि ९६०० यांच्यात होते ते तेव्हा बोटे आणि टकटक यांच्यात होत असे.

बोदोच्या या मानावर दावेदार आहेत. फ्रान्सिस बेकनने १६२३ साली दोनच चिन्हांच्या पाच-पाच जागांतून सगळी मुळाक्षरे मांडून दाखवली होती. आपल्याकडे पिंगळाचे नाव पुढे येते. लघु-गुरूंचा प्रस्तार मांडला की तीन अक्षरांचे आठ गण होतात, यमाताराजभानसलगा घोकलेल्या कुणालाही ते ठाऊक असते. त्याच हिशेबाने पाच अक्षरांचे बत्तीस प्रकार होतात आणि बोदोच्या लिपीतही बरोबर बत्तीसच जागा आहेत. जुळणी मोहात पाडणारी आहे, पण तेवढ्यावर कूळ लावता येत नाही. दोनाचा पाचवा घात कुणीही काढला तरी बत्तीसच येणार. बेकनला मजकूर लपवायचा होता, पिंगळाला वृत्ते मोजायची होती. दोन टोकांनी एकाच ठेक्यावर चालायचे, ही अट बोदोच्या यंत्राची आहे, आणि सीरियल प्रिंटर अडतो तो नेमका तिथेच. मापाला बोदोचे नाव मिळाले हे योग्यच झाले.

सतत ठेका धरण्याची सक्ती पुढे अमेरिकेत चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांनी सैल केली. त्यांच्या टेलिप्रिंटरमागे जॉय मॉर्टन या मीठवाल्याचा पैसा होता. प्रत्येक अक्षराच्या पुढे एक स्टार्ट आणि मागे स्टॉप, म्हणजे घड्याळ दर अक्षराला नव्याने लावायचे. सीरियल पोर्टचा आरएस-२३२ हा संकेत १९६० साली आला, आणि त्याच्या तारांवरून प्रिंटरकडे अक्षरे जातात ती बहुधा याच रीतीने.

अक्षरात बिट किती, सात की आठ, ही कटकट मराठीला जास्त महागात पडते. इंग्रजीचे सात बिटांत भागते, म्हणून सेटिंग सातावर राहिले तरी इंग्रजी पावती बिनचूक येते आणि दोष झाकलेला राहतो. देवनागरीसाठी १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतात मात्र भारतीय लिप्यांची अक्षरे १२८ च्या वर बसवली आहेत आणि तो वरचा भार आठव्या बिटावर आहे. आठवा बिट गळला की प्रत्येक अक्षरातून १२८ वजा होतात. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याचेच नाव घ्यावे. म २०४ वर आहे, तो ७६ होऊन रोमन एल छापला जातो. उकाराच्या जागी बंद होणारा चौकटी कंस येतो, ल चा क्यू होतो, च चा आठ, एकाराचा लहान लिपीतला ए, र चा ओ आणि कान्याचा झेड. पाहणाऱ्याला प्रिंटर बिघडलासे वाटते, पण असा कचरा शिस्तीचा असतो: मुलचेरा दहा वेळा छापले तर दहाही वेळा तीच सात चिन्हे येतात. वेग चुकल्यावर येणारा कचरा इतका वाचनीय नसतो. निदानाला ही खूण पुरेशी आहे.

दोन पानांनंतर ओळी गळतात तेव्हा कारण वेगळे असते. प्रिंटरची साठवण भरलेली असते आणि संगणक थांबत नाही. थांबवण्याची एक रीत टेलिटाइप यंत्राची: १९ क्रमांकाचा संकेत छिद्रपट्टी वाचणारा भाग बंद करी, १७ क्रमांकाचा पुन्हा चालू करी. पट्टी गेली, क्रमांक राहिले. दुसरी रीत वेगळ्या तारेची. प्रिंटर एक रीत पाळत असेल आणि संगणक दुसरी, तर छोटी पावती नीट येते आणि लांब यादी फसते.

एकाच ओळीवर गिरवणे हेही टेलिप्रिंटरचेच. गाडा डावीकडे नेणे आणि कागद एक ओळ सरकवणे ही तिथे दोन स्वतंत्र कामे होती, म्हणून संकेतही दोन. दुसरा मिळाला नाही तर गिरवागिरवी, दोनदा घडला तर ओळीआड कोरी ओळ. प्रिंटरमधली एक कळ फिरवून हे मिटते.

दोरीबद्दल थोडे. संगणकाचा ९ पिनी पोर्ट तिसऱ्या पिनेवरून पाठवतो, जुना २५ पिनी दुसऱ्यावरून. त्यामुळे ९ पिनी संगणक आणि २५ पिनी प्रिंटर यांच्यात ३ ला ३, २ ला २ आणि जमिनीसाठी ५ ला ७ असे जोडावे लागते. आकडे सरळ दिसले तरी तारा उलटलेल्याच असतात. प्रिंटर ‘थांब’ सांगतो त्या २० व्या पिनेची तार संगणकाच्या ६ आणि ८ ला जावी लागते. तीन तारांच्या घरगुती दोरीत नेमकी तीच नसते.

भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद आहे. विंडोजमध्ये कॉम पोर्टचे सेटिंग उघडले की पॅरिटीच्या, म्हणजे चूक पकडायच्या जादा बिटाच्या, यादीत शेवटी मार्क आणि स्पेस हे दोन पर्याय अजून दिसतात. मार्क म्हणजे तारेच्या पट्टीवर उमटलेली खूण, स्पेस म्हणजे मधली कोरी जागा.